थर्माकोलचा कॉम्प्युटर

थर्माकोल या वस्तूवर माझा मनापासून राग आहे. तो कापतानाचा आवाज कानावर आला की अजूनही माझे दात आंबतात. दौंडला डी.एड. करत होते त्या काळात त्याचे पांढरे कण माझ्या केसांत, साडीच्या निऱ्यांत, डब्यातल्या भाजीत आणि एकदा तर चहातसुद्धा सापडले. आमच्या अध्यापक विद्यालयात असा समज होता, की ज्याच्या बगलेत थर्माकोलचं काहीतरी आहे तो चांगला शिक्षक होणारच. त्या थर्माकोलवरून मूल काही शिकलं का, हे कुणी विचारत नसे. मी एकदा विचारलं, तर आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "तुला फार प्रश्न पडतात. आधी फलकलेखन सरळ कर."

माझं फलकलेखन सरळ नव्हतं, हे मात्र खरं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि जिकडे तिकडे संगणक युग सुरू झालं होतं. म्हणजे भाषणांत सुरू झालं होतं. शाळेच्या भिंतींवर रंगवलं होतं. लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावापुढं कॉम्प्युटरचा कोर्स छापायची पद्धत पडली होती. दुसरा लाडका शब्द होता सृजनशीलता. हा शब्द आमच्या प्रत्येक तासाला एकदा तरी यायचाच, आणि तो आला की सगळ्या वर्गानं तो एकसारखा वहीत उतरवून घ्यायचा. आमच्या सराव पाठांच्या मूल्यांकनात तर त्यासाठी वेगळा रकानाच होता, 'स्वनिर्मित साहित्य व नावीन्य'. स्वनिर्मित म्हणजे तुम्ही स्वतःच्या हातानं बनवलेलं.

आता हे स्वनिर्मित साहित्य कुठून यायचं? तर विद्यालयाच्या रस्त्यालाच एक स्टेशनरीचं दुकान होतं, तिथून. दुकानदार तापलेल्या तारेनं थर्माकोल कापण्यात पटाईत. हृदय, फुलाचे भाग, ज्वालामुखी, पवनचक्की, शिवकालीन किल्ला, सगळं फडताळावर तयार. आम्ही जाऊन म्हणायचं, "चौथी, परिसर अभ्यास, स्वनिर्मित." की तो आतून स्वनिर्मित काढून द्यायचा. वर विचारायचा, "मॅडम कोन हाय तुम्हाला? त्यांना हिरवा रंग आवडतो, हिरव्यातलं देऊ का?" मॅडमना हे सगळं ठाऊक होतं. तरी पाठ झाला की त्या आमच्याकडं कौतुकानं बघून म्हणायच्या, "छान बनवलंस हं." आणि आम्ही माना खाली घालून लाजायचं. इतका मोठा वर्ग, इतके हुशार लोक, आणि कुणालाही यात काही विचित्र वाटत नव्हतं.

माझी सरावाची शाळा केडगावच्या पुढं, रेल्वेलाइनच्या पलीकडं एका वस्तीवर होती. बहुतेक पोरं धनगरांची. त्यांच्या आजोबांनी मेंढरांमागं अर्धा मुलूख पायी तुडवलेला, वडिलांनी मात्र एका जागी बसून ऊस लावलेला. शाळेला दोन खोल्या, एक व्हरांडा आणि हेडमास्तरांचं कार्यालय. त्या कार्यालयाच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर होता.

होता, असं मी नुसत्या अंदाजानं म्हणते, कारण पहिले कित्येक आठवडे मला तो दिसलाच नाही. दिसायचं ते त्याचं आच्छादन. गुलाबी कापड, त्यावर फुलं, खाली जाळीची झालर. हेडमास्तरांच्या घरून शिवून आलेलं. कुरकुंभच्या एका कारखान्यानं आपल्याकडचे जुने कॉम्प्युटर शाळांना वाटले होते, त्यातला हा एक. आला त्या दिवशी तो साहेबांच्या हस्ते चालू झाला, टाळ्या झाल्या, आणि लगेच बंद झाला. तेव्हापासून झाकलेला. त्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, अगदी कार्यालयात खडू आणायला गेलं तरी. दसऱ्याला तेवढं आच्छादन निघायचं. मग त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, आपट्याची पानं, पुढं नारळ. पोरं दाराबाहेर रांगेत उभी राहून हात जोडायची. नारळ फुटला की खोबरं वाटायचं आणि देव पुन्हा झाकायचा.

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हसले. नंतर हसू येईना.

त्या वर्षी आमचे वार्षिक पाठ होते. बाहेरून परीक्षक येणार, पाठ बघणार, आणि त्यावर आमचा निकाल. चिठ्ठ्या टाकून घटक वाटले. माझ्या वाट्याला आला 'संगणकाची ओळख'. मला तर आनंदानं उडी मारावीशी वाटली. शेजारच्याच खोलीत खरा कॉम्प्युटर! बाकीच्यांनी थर्माकोलचा ज्वालामुखी दाखवावा, त्यांना खरा कुठून मिळणार? मी मात्र पोरांना खऱ्यासमोर उभं करीन, हात लावू देईन, प्रत्येकाला आपलं नाव त्या पडद्यावर उमटवू देईन. माझ्या मते याहून सोपा पाठ जगात नव्हता.

हेडमास्तरांना विचारलं. ते वाईट नव्हते. पोरांना घरून भुईमुगाच्या शेंगा आणून वाटायचे, कुणी आजारी पडलं तर स्वतःच्या गाडीवर बसवून दवाखान्यात न्यायचे. पण कॉम्प्युटर म्हटलं की त्यांचा चेहरा आवळायचा.

"बाई, तुम्ही आज हाय, उद्या जाल," ते म्हणाले. "त्याला काय झालं तर वरून विचारणार मलाच. दुरुस्त करणारा पुण्याहून आणावा लागतो. आन् पोरांचे हात बघितलेत का तुम्ही?"

"हात धुवून आणीन ना गुरुजी."

"धुळीनं व्हायरस होतो म्हणत्यात."

मी पिच्छा सोडला नाही. रोज खडू न्यायला जायचे आणि रोज विचारायचे. शेवटी कंटाळून ते म्हणाले, "बरं. परीक्षक येतील त्या दिवशी, तुमचा पाठ झाला की कॉम्प्युटर उघडतो. साहेबांच्या समोर. साहेब असले म्हंजी जबाबदारी वाटून जाती." मी त्यांचे पाय धरायचेच काय ते बाकी होते. वर्गात येऊन पोरांना सांगितलं, की परीक्षेच्या दिवशी तुम्ही सगळे खऱ्या कॉम्प्युटरवर आपापलं नाव उमटवणार.

पहिल्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली. बारीक, काटक, दोन वेण्या घट्ट वर बांधलेल्या, आणि नजर अशी की समोरच्यानं सांगितलेलं आधी तपासून घेणार. ती म्हणाली, "बाई, नक्की का? हात लावून? का नुसतं बगायचं?"

"हात लावून," मी म्हणाले.

"दसऱ्याला बी म्हनले व्हते. मग नुसतंच बगायला दिलं."

"मी म्हणते आहे ना."

ती बसली, पण तिच्या तोंडावर विश्वास दिसला नाही. आणि मला वाटलं, आता वार्षिक पाठात काय होईल ते होवो, या पोरीपुढं मी खोटी पडता कामा नये. परीक्षकांपेक्षा मला तीच जास्त कडक वाटली.

मग मी पोरांना इंग्रजी अक्षरांत आपापलं नाव लिहायला शिकवलं. एका मोठ्या पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला, खरा जसा असतो तसा, आणि पोरं मधल्या सुट्टीत त्यावर बोटं आपटत आपली अक्षरं शोधायची. 'ए' पासून 'झेड' पर्यंत ओळीत का नाहीत, म्हणून भांडायची.

त्याच भरात मी त्यांना सांगितलं, की घरून खोकी आणा आणि आपापला कॉम्प्युटर बनवा. तुम्हाला वाटेल तसा. काही दाखवलं नाही, चित्र दिलं नाही. मॅडमच्या तासाला वहीत उतरवून घेतलेली ती सृजनशीलता एकदा बघावी तरी, असं मनात होतं.

पोरांनी आणलं ते बघून मी खुर्चीतच बसले. एका मुलानं साबणाच्या खोक्यावर काहीच काढलं नव्हतं. नुसतं एक फडकं घातलं होतं आणि वर सुतळी बांधली होती. मी म्हटलं, अरे, कॉम्प्युटर कुठं आहे? तो म्हणाला, "आत हाय की. कॉम्प्युटर आसाच आस्तो." दुसऱ्यानं खोक्याला हळदकुंकू लावून पुढं नारळ म्हणून मातीचा गोळा ठेवला होता. तिसऱ्याच्या कॉम्प्युटरला दार होतं, कडी होती, आणि बाहेर चपलांचे जोड काढले होते, ओळीनं. चूक कुणाचीच नव्हती. जे पाहिलं ते त्यांनी इमानदारीनं केलं होतं.

पहिल्या रांगेतल्या त्या मुलीनं मात्र बिस्किटांच्या खोक्याला उजव्या अंगाला सायकलचा तुटका पायडल बसवला होता. तो फिरायचा. गरगर फिरायचा, आणि आतून कट्‌ कट्‌ असा आवाज यायचा, कारण आत तिनं पत्र्याचा तुकडा टांगला होता.

"हे काय?"

"हँडल."

"कॉम्प्युटरला?"

"लाईट ग्येली तर फिरवायला," ती म्हणाली. मला इतकंही कळत नाही याचं तिला थोडं वाईटच वाटलं. "आमची वैरन कापायची कडबाकुट्टी हँडलवर हाय. ती कवाबी चालती. शेजारच्यांनी मोटारीवरची घेतली, ती निस्ती बसून आसती."

त्या काळात आमच्याकडं वीज पाळीनं यायची आणि पाळीनं जायची. अर्धा दिवस असायची, अर्धा दिवस नसायची. कुठल्या आठवड्यात कुठला अर्धा, हे बायकांना पाठ असायचं, कारण पाणी त्यावर, दळण त्यावर. त्या घरातल्या पोरीला यंत्र दिसलं की पहिला प्रश्न हाच पडणार, लाईट गेल्यावर याचं काय? मोठमोठ्या भाषणांत संगणक युग आणणाऱ्या कुणालाही तो पडला नव्हता. मला तरी कुठं पडला होता? मी त्या पायडलकडं बघत राहिले आणि मनात म्हटलं, झालं, माझा वार्षिक पाठ झाला. हीच खोकी मांडायची, यावरच बोलायचं, आणि मग सगळ्यांनी खऱ्याकडं जायचं.

पाठाआधी मॅडम तयारी बघायला आल्या. खोकी बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"हे काय मांडलंयस? फडकं काय, चपला काय! आणि संगणकाला हँडल कुठं असतं?"

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग म्हणाल्या, "कल्पना चांगली आहे. पण हे मुलांनी बनवलंय. स्वनिर्मित म्हणजे तू बनवलेलं हवं. त्या रकान्यात मी काय भरू?"

"खरा कॉम्प्युटर आहे ना शेजारी."

"तो तर मुळीच स्वनिर्मित नाही."

मला हसावं की रडावं कळेना. शेजारच्या खोलीत खरा कॉम्प्युटर, समोर पोरांनी डोकं लावून केलेले कॉम्प्युटर, आणि मला गुण हवे असतील तर मी थर्माकोलचा कॉम्प्युटर बनवायचा. त्याशिवाय वर्गात नावीन्य आलं, असं धरता येणार नव्हतं.

त्या रविवारी मी घरी कारेगावला गेले. दुकानातलं विकत घ्यायचं नाही, स्वनिर्मित म्हणतात तर स्वनिर्मितच करीन, अशी माझी इरेसरी. आमचे आप्पा तिथल्या कारखान्यात मशीनवर होते. त्यांच्या मशीनलाही कॉम्प्युटर होता. ते तेलाच्या हातांनी बटणं दाबायचे आणि त्या बटणांवरची अक्षरं कधीच पुसून गेली होती. मी जमिनीवर बसून ब्लेडनं थर्माकोल कापत होते, घरभर बर्फ पडल्यासारखं झालं होतं, आई मागून झाडू घेऊन फिरत होती. आप्पा पाळीवरून आले, चहा घेत घेत बराच वेळ बघत बसले.

"काय चाललंय ह्ये?"

"कॉम्प्युटर करतेय. शाळेत दाखवायला."

"शाळंत कॉम्प्युटर न्हाई का?"

"आहे."

आप्पांनी चहा संपवला. मग म्हणाले, "आमच्याकडं मशीनला हात लावला न्हाई तर सायेब वरडतो. तुमच्याकडं लावला तर वरडत्यात. शिकल्याली मानसं सगळी तुमच्याकडंच हायत म्हन." आणि आंघोळीला गेले.

सोमवारी तो थर्माकोलचा कॉम्प्युटर घेऊन मी एसटीत बसले. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुला, तिथून पुढं. ज्यानं त्या रस्त्यानं उभ्यानं थर्माकोल नेलाय त्यालाच माझं दुःख कळेल. खिडकीला काच नाही, वारा थेट थर्माकोलच्या पडद्यावर. कंडक्टर म्हणाला, "ताई, ह्याचं तिकीट काढा, लगेज हाय." एका बाईंनी त्यावर मेथीची जुडी टेकवली. न्हावऱ्याला एका आजोबांनी आपुलकीनं विचारलं, "गणपतीचं मखर का?" मी हो म्हणाले. खरं सांगायची ताकद नव्हती.

मॅडमनी तो पाहिला आणि तोंड वाकडं केलं. पडदा एका बाजूला कलला होता, बटणं लहानमोठी झाली होती. "हे असं परीक्षकांसमोर? अगं, हातानं केल्यासारखं दिसतंय. दुकानातून नीट आण."

तर अशा रीतीनं मी दुकानात गेले, 'संगणक, स्वनिर्मित' असं म्हणाले, आणि दुकानदारानं हिरव्यातला काढून दिला.

वार्षिक पाठाच्या दिवशी पोरांनी केसांना तेल चापून लावलं होतं. हात कोपरापर्यंत धुतले होते. त्या आठवड्यात वीज दुपारपर्यंत होती, मी दोनदा खात्री करून घेतली होती. पाठ सकाळी होता, म्हणजे वेळ भरपूर. पोरांची खोकी मॅडमनी व्हरांड्यात पोत्यामागं ठेवायला लावली. टेबलावर हिरवा थर्माकोलचा कॉम्प्युटर, अगदी सरळ, अगदी सुबक.

परीक्षक उशिरा आले. पाठ सुरू झाला. मी प्रस्तावना केली, हेतुकथन केलं, थर्माकोलच्या पडद्याला छडी लावून 'हा पडदा' म्हणाले, थर्माकोलच्या बटणांना छडी लावून 'हा कळफलक' म्हणाले. पोरं शहाण्यासारखी माना डोलवत होती. मूल्यमापनात मी विचारलं, "संगणक कशावर चालतो?" टाचणात उत्तर लिहिलं होतं, विजेवर. मी नेमकं त्या मुलीकडं बोट केलं.

"लाईट आसंल तवा चालतो," ती म्हणाली.

परीक्षक हसले आणि काहीतरी लिहिलं. मग त्यांनी तिलाच विचारलं, "बाळ, हे टेबलावर काय आहे?"

"खोटा कॉम्प्युटर."

"आणि खरा कसा असतो, सांग बरं?"

"झाकल्याला," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून पुढं म्हणाली, "पन आज उघडनार हाय."

मॅडमचा चेहरा पडला. मला मात्र मनातून बरं वाटलं, कारण त्या सगळ्या पाठात खरं असं तेवढंच बोललं गेलं होतं. पुढं सगळं सुरळीत झालं. परीक्षकांनी थर्माकोलचा कॉम्प्युटर हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाले, "सुंदर. ही खरी सृजनशीलता." त्या रकान्यात मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

आता कॉम्प्युटर उघडायचा. पोरं व्हरांड्यात रांगेत उभी, चपला काढून, धुतलेले हात पुढं धरून, कुठं टेकू नयेत म्हणून. मी हेडमास्तरांकडं पाहिलं. त्यांनी मला हातानं थांबा अशी खूण केली आणि एका पोरानं ताट आणलं. ताटात नारळ, टॉवेल, टोपी, गुलाबाची फुलं.

पाहुणा दारात आला आणि त्याचा सत्कार न करता परत पाठवला, असं आमच्याकडं होतच नाही. परीक्षकांचा सत्कार झाला. मग मॅडमचा. मग सरपंच येऊन बसले होते, त्यांचा परीक्षकांच्या हस्ते. मग वस्तीवरच्या एका जाणत्या आबांचा, कारण सरपंचांचा झाला आणि त्यांचा राहिला तर वर्षभर बोलणं. मग पोहे. पोह्यांनंतर चहा. मी दाराच्या चौकटीवर हात ठेवून पंख्याकडं बघत उभी होते. फिरतोय. अजून फिरतोय. पोरांचे हात तसेच पुढं. मी हेडमास्तरांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "गुरुजी, लाईट जाईल." ते म्हणाले, "जरा दमानं घ्या, बाई. साहेब काय रोज येत्यात का?"

चहानंतर हेडमास्तर मनोगत व्यक्त करायला उभे राहिले. त्यांनी शाळेचा इतिहास सांगितला. देणगीदारांचे आभार मानले. मग छाती भरून घेतली आणि म्हणाले, "एकविसावं शतक हे संगणकाचं शतक आहे. आमचा ग्रामीण विद्यार्थी आज संगणकाच्या युगात पाऊल..."

पंखा थांबला.

ते भाषण त्यांनी पुरं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांना पुढची शाळा गाठायची होती, ते टोपी काढून हातात घेत जीपमध्ये बसले. मॅडमही गेल्या. माझ्या हिरव्या कॉम्प्युटरचं काय करायचं म्हणून हेडमास्तरांनी मला विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत तो काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "झकास झालाय. बाहेर ठेवला तर पोरं मोडतील." त्या क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोट्यालासुद्धा कुलूप! मी म्हणाले, "गुरुजी, पोरं अजून रांगेत उभी आहेत. मी त्यांना शब्द दिलाय. तुम्ही मला दिला होता."

माझा आवाज चढला होता. व्हरांड्यात ऐकू गेला असणार. हेडमास्तर जरा चपापले. मग त्यांनी थांबलेल्या पंख्याकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"अहो, मग लावू द्या की हात!" ते म्हणाले. "लाईटच न्हाई, म्हंजी काय बिघडायचं न्हाई."

त्यांनी स्वतः आच्छादन काढलं. पडद्याच्या वर दसऱ्याचं कुंकू वाळून बसलेलं होतं आणि कीबोर्डच्या फटीत अक्षतांचे दाणे. पोरं एकेक करून आत आली. प्रत्येकानं बोटानं आपलं अक्षर शोधलं आणि दाबलं, एकेक, अगदी हळू, चुकू नये म्हणून ओठ आवळून. काळ्या पडद्यात त्यांची तोंडं दिसत होती, तेवढंच. हेडमास्तर हौसेनं म्हणत होते, "दाबा, दाबा, जोरात दाबा, घाबरू नका." इतक्या दिवसांत त्यांना इतकं आनंदात मी पाहिलं नव्हतं.

ती मुलगी आली. तिनं आधी कॉम्प्युटरला उजव्या बाजूनं वाकून पाहिलं, मग डाव्या, मग मागं हात घालून चाचपून पाहिलं. मग बसली आणि आपलं नाव घातलं, एकही अक्षर न चुकता, पुठ्ठ्यावर शिकली होती तसं. घालून झाल्यावर हात मांडीवर ठेवून पडद्याकडं बघत राहिली. बाकीची पोरं दाबून लगेच उठली होती. ती उठेना.

"बाई, उमटलं का?"

हो म्हणावं असं अगदी ओठांवर आलं होतं. हेडमास्तर मागून मला खुणावतही होते, म्हणा हो, म्हणा. पण तिची ती तपासणारी नजर माझ्यावर होती.

"नाही गं," मी म्हणाले. "लाईट नाही ना."

"मंग मी काय म्हनत व्हते, बाई?" ती म्हणाली, आणि उठून व्हरांड्यात गेली. पोत्यामागून तिनं आपलं बिस्किटांचं खोकं काढलं, खऱ्या कॉम्प्युटरच्या शेजारी आणून टेबलावर ठेवलं, आणि पायडल धरून जोरानं फिरवू लागली. कट्‌ कट्‌ कट्‌. बाहेर गेलेली पोरं पळत आत आली. हेडमास्तर हातात गुलाबी आच्छादन घेऊन झाकायला उभे होते, पण मी वाट दिली नाही.